हात मोजा, मग फळी कापा
वाचकांचे प्रश्न : घरातले खेळ, घरातला व्यायाम

प्रश्न : ताई, माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेल्या श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात-पाय कमजोर आहे, चाकाच्या खुर्चीत बसतात. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात. एरवी मात्र व्यायाम म्हटला की अण्णा तोंड फिरवतात. पूर्वी कॅरम उत्तम खेळायचे. आता सोंगटी डावीकडे गेली की त्यांना ती दिसतच नाही, म्हणून बोर्डही नको म्हणतात. माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘आजोबांना बसून खेळता येईल असं टेबल टेनिस आपणच बनवू या.’ आमचं जेवणाचं टेबल चार फूट बाय अडीच फूट आहे आणि ओळखीचा सुतार आहे. काय आणि कसं करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. त्याला जे सुचलं ते मला सुचायला फार उशीर झाला होता.

मी एकतीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारांचं काम केलं, त्यातली बहुतेक वर्षं कोल्हापुरात. माझ्या वडिलांना २००९ साली झटका आला, तेव्हा त्यांचाही डावाच हात गेला. ते तरुणपणी गिरगावात टेबल टेनिस खेळलेले. म्हणून मी मोठ्या उत्साहानं जेवणाच्या टेबलावर छोटी जाळी लावली, नेहमीचा पांढरा चेंडू आणला आणि त्यांच्या उजव्या हातात बॅट दिली. दोन टोले झाले. तिसरा चेंडू त्यांच्या कानाजवळून गेला आणि दिवाणाखाली शिरला. मी तो काढायला वाकले. वर उठून पाहते तर त्यांनी बॅट टेबलावर पालथी ठेवली होती. “बस झालं,” एवढंच म्हणाले. माझी चूक अशी की मी टेबल मोजलं, जाळी मोजली, पण वडिलांचा हात मोजला नव्हता. तुम्ही सुरुवात हातापासून करा.

अण्णांना त्यांच्या खुर्चीत नीट बसवा. पाठ टेकलेली, चाकांचे ब्रेक लावलेले, पावलं पायटेकूवर सपाट. टेबलावर वर्तमानपत्राची दोन पानं जोडून पसरा. आधी उजव्या हातात खडू द्या आणि पाठ न उचलता जिथवर सहज पोहोचतं तिथवर कमान काढायला सांगा. मग दोन्ही हात एकमेकांत गुंफून, उजव्यानं डाव्याला बरोबर घेत, तशीच दुसरी कमान. दुसरी कमान लहान येईल आणि डावीकडे आखडलेली दिसेल. हा कागद जपून ठेवा, त्यावर तारीख घाला. फळी किती रुंद हवी हे तोच सांगतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कमान काढाल तेव्हा फरक अण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता खेळाचा गाभा. चेंडू उडता कामा नये, तो फळीवरून घरंगळत गेला पाहिजे. उडणाऱ्या चेंडूला हात उचलावा लागतो, नेम धरावा लागतो आणि हे सगळं एका क्षणात करावं लागतं. घरंगळणारा चेंडू डोळ्यांसमोरून येतो. हातही टेबलावर टेकलेलाच राहतो, म्हणजे हाताचं वजन टेबल पेलतं आणि कमजोर खांद्याला फक्त सरकवायचं काम उरतं. आमच्या कामात ही जुनी युक्ती आहे : गुळगुळीत फळीवर पावडर टाकून रुग्णाला हात सरकवायला लावायचा. कॅरम खेळलेल्या माणसाला त्यात नवीन काहीच वाटत नाही. ब्रिटनमध्ये याच विचारातून पॉलीबॅट नावाचा खेळ तयार झाला. हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलांना टेबल टेनिस जमत नव्हतं, म्हणून टेबलाच्या दोन्ही लांब कडांना आडव्या पट्ट्या लावल्या, जाळी काढून टाकली आणि बॅटनं चेंडू टेबलावरूनच ढकलायचा असा नियम केला. तुम्हाला हवा आहे तो खेळ त्याच कुळातला.

सुतार बोलवायच्या आधी एक संध्याकाळ तसंच खेळून पाहा. टेबलाच्या लांब कडांना जाड पुस्तकं उभी लावा, बॅट म्हणून दोघांच्या हातात एकेक पुठ्ठ्याचं खोकं द्या आणि टेनिसचा जुना चेंडू घ्या. नातवानं हळूच ढकलायचा. चेंडू निघाला की तुम्ही मनात सावकाश ‘एक, दोन, तीन’ म्हणा. ‘दोन’च्या आत चेंडू अण्णांपाशी पोहोचत असेल तर खेळ त्यांच्यासाठी फार वेगवान आहे. अशा वेळी टेबलावर जुनी चादर ताणून बसवा, वेग लगेच उतरतो. तरी भरभर वाटलं तर ब्लँकेट घाला. पुढे हात सुधारला की ब्लँकेटवरून चादरीवर यायचं आणि चादरीवरून उघड्या फळीवर. माझ्या वडिलांना या प्रवासाला अडीच महिने लागले.

चेंडूचंही असंच पारखून घ्या. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमी व्यासाचा आणि अवघा २.७ ग्रॅमचा. तो पंख्याच्या वाऱ्यानंही वाट बदलतो आणि जरा जोर लागला की उसळतो. टेनिसचा चेंडू सुरुवातीला चांगला : लव असल्यामुळे सावकाश जातो आणि मोठा असल्यामुळे नीट दिसतो. पुढे भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू घ्या, हल्ली पिकलबॉल या बॅट-चेंडूच्या खेळामुळे तो खेळाच्या दुकानात सहज मिळतो. साधारण साडेसात सेंटिमीटरचा, वजनाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास. भोकांमुळे तो किंचित डुलत आणि आवाज करत येतो, त्यानं लक्ष वेधलं जातं. रंग पिवळाधमक किंवा नारिंगी असावा.

हे जमलं की फळी. प्लायवुडचा पत्रा आठ फूट बाय चार फूट येतो. बारा मिलिमीटर जाडीचा एकच पत्रा पुरतो. त्यातून पाच फूट बाय तीन फुटांची फळी काढा, पण ती अखंड ठेवू नका. अखंड फळीचं वजन दहा किलोच्या घरात जातं आणि रोज ती उचलणार तुम्ही. अडीच फूट बाय तीन फुटांचे दोन तुकडे करा. टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवायचे आणि मधल्या सांध्यावर रंगीत टेप लावायची, हीच मधली रेघ. एवढ्या मोठ्या चेंडूला तो सांधा जाणवत नाही. उरलेल्या एक फूट रुंद पट्टीतून चार इंच उंचीच्या, पाच फूट लांबीच्या दोन कडा निघतात.

फळी तुमच्या टेबलापेक्षा दोन्ही टोकांना सहा-सहा इंच बाहेर येईल. ते मुद्दाम आहे. चाकाच्या खुर्चीला टेबलाजवळ येऊ न देणारी वस्तू म्हणजे टेबलाचे पाय आणि खालची चौकट. टेबल टेनिसमध्येही खुर्चीवरच्या खेळाडूंसाठी टेबलाचे पाय टोकाच्या रेषेपासून किमान ४० सेंटिमीटर आत असावे लागतात. तुमच्याकडे ती सोय या बाहेर आलेल्या फळीनं थोडी तरी होईल. मात्र अण्णा पुढे झुकून त्या टोकावर भार देणारच. म्हणून प्रत्येक तुकडा टेबलाला दोन शिकंज्यांनी घट्ट आवळा आणि मग तुम्ही स्वतः टोकावर दोन्ही हातांनी दाबून पाहा. फळी उचलली गेली तर त्या दिवशी खेळ नाही.

उंचीचं माप असं : बसल्यावर कोपर काटकोनात ठेवलं की फळी कोपराच्या पातळीला किंवा दोन बोटं खाली यावी. फळी वर आली तर खांदा कानाकडे चढतो आणि दुखतो. फार वर येत असेल तर टेबलाशी खेळू नका, अण्णांच्या खुर्चीत घट्ट उशी घाला. पायटेकूवर पावलं टेकत नसतील तर खाली लाकडी पाट ठेवा. शेवटी फळीवर पाणसळ ठेवून पाहा. कोकणातल्या घरांत फरशीला उतार असतोच, आणि चेंडू आपोआप एकाच माणसाकडे जाऊ लागला तर मुलांचा विश्वास उडतो. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी पुरे.

बॅटीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सुतार तुम्हाला नेहमीच्या टेबल टेनिसच्या आकाराची करून देईल आणि ती उपयोगाची नाही. गवंड्याचा गुरमाळा आठवा. सपाट फळी आणि वर मूठ. आपली बॅट तशीच. सहा मिलिमीटर प्लायचा दहा इंच बाय चार इंचांचा तळ, त्याच्या पुढच्या कडेला तीन इंच उंच, दहा इंच रुंद उभी फळी. चेंडू या उभ्या फळीला लागतो. तळावर दोन उभ्या मुठी, एकमेकींपासून सहा इंचांवर. मुठीसाठी मी जुनं लाटणं मधोमध कापलं होतं. ते दोन्ही बाजूंना उत्तम बसलं, खालून स्क्रू मारला की झालं. मूठ साडेतीन ते चार सेंटिमीटर जाड असावी, कमजोर बोटांना बारीक काठी धरवत नाही. जाडी कमी पडली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि वर सुती कापड शिवा, नुसत्या रबरानं तळहात घामेजतो. तळाला खालून जुन्या ब्लँकेटचा तुकडा चिकटवा, मग पावडर लागतच नाही. कॅरमची पावडर म्हणजे बहुधा बोरिक, ती जेवणाच्या टेबलावर नकोच. सगळे कोपरे गोल करून पॉलिश पेपरनं इतके घासा की गालावरून फिरवलं तरी टोचू नये. अशी बॅट थोडी जड होते, पण ती उचलायची नसते म्हणून वजन जाणवत नाही.

दोन मुठी कशासाठी, हे अण्णांना समजावून सांगा. उजवा हात उजव्या मुठीवर, डावा डाव्या मुठीवर. बॅट सरकते ती दोघांनी मिळून. डावा सुरुवातीला नुसता बरोबर जाईल. जाऊ द्या. बोटं सुटत असतील तर रुंद वेल्क्रोचा पट्टा सैल लावा. हात कधीही करकचून बांधू नका आणि डावा हात ओढून पुढे नेऊ नका. झटक्यानंतर खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, ओढल्यानं तो महिनोन्‌महिने दुखत राहतो. खेळायला लागण्यापूर्वी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना बॅट दाखवा आणि खांदा तपासून घ्या.

आता डावीकडची सोंगटी. ती दिसत नाही याचं कारण दर वेळी डोळ्यांत नसतं. मेंदूचा उजवा भाग दुखावला की डाव्या बाजूचं भानच कमी होतं. माणूस ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवतो, अर्धीच दाढी करतो. अण्णांच्या बाबतीत नक्की काय झालंय ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, दृष्टीचं क्षेत्रही मोजून घ्या. खेळात मात्र एक गोष्ट आजच करता येईल : अण्णांच्या डाव्या कडेला, पूर्ण लांबीवर, लाल टेप लावा. चेंडू सोडण्यापूर्वी नातवानं म्हणायचं, “आजोबा, लाल पट्टी दिसली का?” अण्णांनी मान वळवून ती शोधायची, “दिसली” म्हणायचं, मगच चेंडू सुटेल. माझ्या वडिलांसाठी मी हे केलं. पहिले काही दिवस त्यांना पट्टी शोधायला इतका वेळ लागायचा की मला रडू यायचं. पण ते शोधायचे.

नियम सगळ्यात शेवटी ठरवा आणि पहिला महिनाभर हार-जीत ठेवूच नका. दोघांनी मिळून न थांबता किती टोले झाले ते मोजा आणि तो आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. आमच्याकडे पहिल्या दिवशी चार झाले. तीन महिन्यांनी, आषाढातल्या एका संध्याकाळी, चाळीस झाले. त्या दिवशी वडिलांनी शेजारच्यांना बोलावून कॅलेंडर दाखवलं.

नंतर गुण आणा, पण विचार करून. अण्णांच्या बाजूच्या टोकाचे तीन भाग करा. चेंडू मधून बाहेर गेला तर नातवाला एक गुण, उजवीकडून गेला तर एक आणि डावीकडून गेला तर तीन. मग नातू आपोआप डावीकडे मारेल आणि अण्णांना डावीकडे सरकावंच लागेल. तुम्ही किंवा मी ‘डावीकडे बघा, डावीकडे हात न्या’ असं दिवसभर बोललो तरी जे होत नाही ते तीन गुणांसाठी होतं. अण्णांनी डावीकडचा चेंडू दोन्ही हातांनी अडवला की त्यांना दोन गुण. आठवडाभर खेळून पाहा. अण्णा सतत हरत असतील तर डावीकडचे गुण तीनावरून दोनवर आणा, किंवा नातवाची बॅट अर्ध्या रुंदीची करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

वेळ : पाच मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. खेळताना बोलता यावं इतपतच धाप लागावी. छातीत दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली तर त्या क्षणी थांबा. जेवणानंतर तासभर नको. रक्तदाबाची गोळी चुकली असेल त्या दिवशी नको.

मला पुन्हा पत्र लिहा. पहिल्या दिवसाचा आकडा कळवा.

प्रश्न : आम्ही दोघंही पासष्टीच्या पुढचे, तब्येत ठणठणीत, फक्त गुडघे कुरकुरतात. मुलानं जेवणाच्या टेबलाला लावायची छोटी जाळी आणि दोन बॅटी आणून दिल्या. टेबल पाच फूट बाय तीन फूट, वर काच आहे. पण दहातले आठ चेंडू टेबलाच्या पलीकडेच पडतात आणि निम्मा वेळ ते शोधण्यात जातो. आमचं काय चुकतंय?
— एक दांपत्य, डोंबिवली

उत्तर : तुमचं काही चुकत नाही. टेबल लहान झालं, पण बाकी सगळं मोठ्या टेबलाचंच राहिलं. टेबल टेनिसचं टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ मीटर रुंद, जाळी १५.२५ सेंटिमीटर उंच. तुमचं टेबल लांबीला दीड मीटर, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. त्या हिशेबानं जाळी आठ सेंटिमीटरच्या आसपास हवी. मोजून पाहा, तुमची उंच असेल. उंच जाळीवरून चेंडू काढायचा तर तो वर मारावा लागतो आणि वर मारलेला चेंडू छोट्या टेबलावर उतरत नाही.

जाळीची उंची हातानं खेळून ठरवण्याचा एक सुंदर दाखला आहे. १९६५ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरातल्या कंटाळलेल्या मंडळींसाठी एक खेळ जुळवला. बॅडमिंटनची रॅकेटं पुरेशी सापडली नाहीत म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला. जाळी आधी बॅडमिंटनसारखी ६० इंचांवर होती. खेळताना लक्षात आलं की चेंडू जमिनीवरून छान उसळतो, तशी त्यांनी ती ३६ इंचांपर्यंत उतरवली. पुढे त्यांच्यात आलेल्या बार्नी मॅककॅलम यांनी प्लायवुडच्या बॅटी कापल्या. तोच आजचा पिकलबॉल. तुम्हीही जाळी खाली-वर करून पाहा. चार-पाच पुस्तकांची रांगही जाळीचं काम करते.

दुसरं म्हणजे बॅट. दुकानातल्या बॅटीला रबराखाली स्पंज असतो आणि तुमचा सगळा वेग तिथून येतो. यामागे आपल्या मुंबईतली गोष्ट आहे. १९५२ ची टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. हिरोजी सातो हा जपानी खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचा विजेता झाला. माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते. ते सांगायचे, सगळ्यांच्या बॅटीचा टक-टक आवाज यायचा आणि याच्या बॅटीचा आवाजच यायचा नाही, समोरच्याला चेंडू किती जोरात सुटलाय ते कळायचंच नाही. आयुष्यभर हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं जाडीवर मर्यादा घातली : स्पंज आणि रबर मिळून चार मिलिमीटर, स्पंजाशिवाय नुसतं दाण्यांचं रबर असेल तर दोन.

तुम्ही उलट दिशेनं जा. बॅटीवरचं रबर-स्पंज काढा आणि नुसत्या लाकडानं किंवा वर पातळ बुचाचा पत्रा लावून खेळा. चेंडू सावकाश जाईल, टक-टक ऐकू येईल आणि त्या आवाजावरून वेगाचा अंदाजही येईल. खेळ सावकाश करण्यात कमीपणा मुळीच नाही. २००० साली जागतिक स्पर्धांचा चेंडूही ३८ वरून ४० मिलिमीटरचा केला गेला, कारण वेग इतका वाढला होता की टोले लांबतच नव्हते. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण हवेला भिडणारा चेंडूचा भाग त्यानं जवळजवळ अकरा टक्क्यांनी वाढला.

काच मात्र झाका. वर बारा मिलिमीटरचं प्लायवुड ठेवा आणि खाली घसरू नये म्हणून रबरी चटई. चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडला की खऱ्या टेबलावर तो साधारण २३ सेंटिमीटर उसळतो. भिंतीला पट्टी लावून तुमच्या फळीवर पाहा, १८-२० मिळाले तरी तुमच्या खेळाला ते बरंच आहे.

आणि एक घरचा नियम करा : चेंडूचा आपल्या बाजूला दोनदा टप्पा पडला तरी चालेल. चाकाच्या खुर्चीवरच्या टेनिसमध्ये दोन टप्प्यांची मुभा असतेच. त्यानं तुमचे गुडघे वाचतील, कारण झेपावून वाकावं लागणार नाही. चेंडू शोधण्यासाठी टेबलाच्या दोन्ही टोकांना, खुर्चीच्या पाठींना जुनी साडी बांधून झोळी करा.

प्रश्न : मी दृष्टिहीन मुलांच्या निवासी शाळेत शिकवतो. मुलांना पावसाळ्यात खोलीत बसून घाम येईपर्यंत खेळता येईल असा बॅटीचा खेळ हवा आहे.
— एक शिक्षक, लातूर जिल्हा

उत्तर : सर, तुमच्यासाठी खेळ तयारच आहे. त्याचं नाव शोडाऊन, तो कॅनडात दृष्टिहीनांसाठीच तयार झाला आणि आज अनेक देशांत त्याच्या स्पर्धा होतात. लांबट टेबल, साधारण ३.६६ मीटर बाय १.२२ मीटर, कोपरे गोल, चारी बाजूंना उंच कडा. मध्ये आडवी फळी, चेंडू तिच्या खालून जातो. चेंडूच्या आत छर्रे असतात, तो वाजत येतो. दोन्ही टोकांना खिसा असतो, चेंडू त्यात गेला की गोल झाला. गोलाला दोन गुण, चुकीला समोरच्याला एक आणि अकरावर डाव. सगळ्यांचे डोळे झाकलेले, म्हणजे थोडं दिसणाऱ्या मुलाला वरचढपणा मिळत नाही.

मधल्या फळीकडे नीट लक्ष द्या. चेंडू वर उडवला तर तो तिला धडकतो आणि गुण जातो, म्हणून चेंडू टेबलावरच राहतो आणि कानांना सापडतो. शाळेत करताना गोल कोपऱ्यांचं काम चोख करून घ्या. चेंडू कोपऱ्यात अडकून गप्प बसला की खेळ तिथेच संपतो. चेंडूसाठी प्लास्टिकचा पोकळ चेंडू कापून आत घुंगरू घाला आणि सांधा घट्ट चिकटवा. बॅट धरणाऱ्या हाताला जाड मोजा द्याच, बोटांच्या पेरांवर चेंडू जोरात लागतो. खोलीत पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाच्या आवाजात हा खेळ होणार नाही, आणि तुमची अडचण नेमकी पावसाळ्याची आहे. स्लॅबची खोली निवडा, पंखा बंद ठेवा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आजीचा पोळपाट गोल आहे आणि टेबल टेनिसला छान वाटतो. एवढी मोठी बॅट नियमात बसते का? आणि मी ती रंगवली तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, शिरूर

उत्तर : बाळा, बॅट कुठल्याही आकाराची, मापाची आणि वजनाची चालते, असंच टेबल टेनिसचा नियम सांगतो. फक्त तिचं पान सपाट आणि ताठ हवं, आणि पानाच्या जाडीचा निदान ८५ टक्के भाग खऱ्या लाकडाचा हवा. स्पर्धेत खेळायचं असेल तर एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या, उठावदार रंगाची लागते, म्हणजे तू कुठल्या बाजूनं मारतेस ते समोरच्याला कळतं. पोळपाट तेवढा आजीला परत दे. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं आकार काढ, तो सहा मिलिमीटर प्लायवुडवर उतरव आणि सुतारकाकांकडून कापून घे. मूठ तुझ्या पंजाच्या मापाची कर : मूठ धरल्यावर अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना जेमतेम टेकायला हवीत. आधी एक गोल मोठा काप आणि एक लहान, दोन्हींनी पन्नास-पन्नास टोले मारून पाहा, आणि मनगट कशानं आधी दुखलं ते लिहून मला पाठव.